बाळाचा उजवा कान आणि आमचे मामा

“घरात कुणाला लहानपणापासून ऐकायला कमी येतं का?” ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी फॉर्म भरता भरता विचारलं. तपासणी माझ्या नणंदेच्या बाळाची होती. बाळ सव्वीस दिवसांचं. नणंद “नाही” म्हणाली, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, “नाही बाई, आमच्यात कुणालाच नाही” म्हणाल्या, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलेले मामा, म्हणजे माझे सासरे, मॅडमकडं बघून म्हणाले, “मंगळवार पेठेत. पाण्याच्या खजिन्याजवळ.”

मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. हसल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी टिपलं आणि बाळाकडं वळल्या.

त्या दिवसापासून पुढच्या चार महिन्यांत आमच्या घरातल्या पाच जणांचे कान तपासून झाले. सगळ्यात धाकटं सव्वीस दिवसांचं, सगळ्यात थोरले एकाहत्तर वर्षांचे. कुठल्या वयाला कुठली तपासणी, आधी काय तयारी लागते, कागदावरच्या खुणा कशा वाचायच्या, यातलं मला तोवर काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर निदान दोन गोष्टी वेळेवर झाल्या असत्या. म्हणून सविस्तर लिहितेय.

नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच कानाची पहिली तपासणी झाली. तिला ओएई म्हणतात. बाळ झोपेत असताना मऊ रबराचं टोक असलेली बारीक नळी कानात ठेवतात, मशीन हळू आवाज सोडतं आणि दोन-चार मिनिटांत पडद्यावर निकाल येतो. आमच्या कार्डावर लिहून आलं : डावा – पास, उजवा – रेफर. रेफर म्हणजे काय, असं नणंदेनं विचारलं. उत्तर मिळालं, “घाबरायचं काही नाही. बाळांच्या कानात पाणी असतं. सहा महिन्यांनी हाक मारून बघा, वळून बघतंय का.”

यातलं अर्धं खरं होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत पोटातलं पाणी, चिकट द्रव राहिलेला असतो आणि त्यामुळं चांगला कानही रेफर येतो. पुष्कळ बाळं दुसऱ्या खेपेला पास होतात. रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे, पुन्हा तपासा एवढाच त्याचा अर्थ. पण ते पुन्हा म्हणजे सहा महिन्यांनी नव्हे. जगभर डॉक्टर यासाठी एक-तीन-सहा असा नियम धरतात : एक महिन्याच्या आत पहिली चाळणी पूर्ण, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आम्हाला सांगितलेल्या सल्ल्यानं गेलो असतो तर उपचार सुरू व्हायच्या वयात आम्ही हाका मारत बसलो असतो.

घरी आल्यावर आत्यांनी त्यांच्या पद्धतीनं तपासणी केली. बाळ झोपलेलं असताना स्टीलच्या ताटावर वाटी आपटली. बाळ दचकलं, दोन्ही हात वर फेकले. “बघ, ऐकू येतंय की चांगलं!” आम्ही सगळे निर्धास्त झालो. एक कान चांगला असेल तर बाळ दचकणारच, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका कानाचं बहिरेपण घरगुती तपासणीत सापडतच नाही. मूल हाकेला ओ देतं, बोलायला लागतं, आणि कधीतरी सातव्या-आठव्या वर्षी फोन त्या कानाला लावल्यावर “यातनं काहीच येत नाही” म्हणतं.

बालरोगतज्ज्ञांनी विसाव्या दिवशी वजन बघताना ते कार्ड उलटंपालटं करून वाचलं आणि पुढं काय केलंत असं विचारलं. काहीच केलं नव्हतं. त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली आणि “महिना भरायच्या आत” यावर दोनदा रेघ ओढली. असे आम्ही कोल्हापुरातल्या राजारामपुरीत त्या मॅडमसमोर आलो होतो.

दुसरी ओएई. मॅडमनी खोलीतला पंखासुद्धा बंद केला. बाळाचं दूध पिऊन झालेलं, नणंदेच्या मांडीवर गाढ झोप. हे काम कसं चालतं ते मॅडमनी मला तिथंच सांगितलं, आणि मला ते फार नवलाचं वाटलं. कान नुसता आवाज आत घेत नाही, तो स्वतःही आवाज करतो. आतल्या गोगलगायीच्या शंखासारख्या भागात बारीक केसांच्या पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात आणि त्या हालचालीचा अगदी सूक्ष्म प्रतिध्वनी बाहेर येतो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो पहिल्यांदा टिपून दाखवला. त्या नळीत आवाज सोडणारा छोटा स्पीकर असतो तसा हा प्रतिध्वनी पकडणारा माइकही असतो. प्रतिध्वनी आला तर त्या पेशी काम करतायत. बाळाला काही सांगावं लागत नाही, त्याचा कान स्वतःच उत्तर देतो.

डाव्या कानानं दिलं. उजव्यानं नाही. रबराचं टोक बदलून, कान हलका मागं ओढून तीनदा केलं. रेफर.

डॉक्टरांनी कानात बघितलं. पडदा स्वच्छ, पाणी नाही, काही नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती अजून माझ्या मनातून जात नाही. गरोदरपणात आईला एका विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला असू शकतो, सायटोमेगॅलोव्हायरस त्याचं नाव. आईला पुष्कळदा साध्या तापापलीकडं काही जाणवतही नाही, पण बाळाचा कान त्यानं जाऊ शकतो. तो संसर्ग बाळाला पोटातच झाला का, हे कळायचं तर बाळाची लघवी किंवा लाळ जन्मल्यापासून तीन आठवड्यांच्या आत तपासायला लागते. नंतर काही सापडलं तरी ते जन्मानंतर लागलेलं असू शकतं. आमचे तीन आठवडे पाच दिवसांपूर्वी संपले होते. दुसऱ्या दिवशीचं ते कार्ड आमच्याकडं होतं आणि “सहा महिन्यांनी बघा” या एका वाक्यावर आम्ही तीन आठवडे बसलो होतो. यात दवाखान्याची चूक किती आणि आमची किती, याचा हिशेब मी अजून लावते.

पुढची तपासणी बेरा. तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. तयारी म्हणून मॅडमनी कागदावर लिहून दिलं : आदल्या दिवसापासून डोक्याला, कपाळाला, कानामागं तेल नको. सकाळपासून बाळाला झोपू द्यायचं नाही. दूध तिथं आल्यावर पाजायचं. काही ठिकाणी झोपेचं औषध पाजून ही तपासणी करतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. पण एवढ्या लहान बाळाला आपली आपण झोप लागते, औषध नको, असं त्यांचं म्हणणं.

तेल नको म्हटल्यावर घरात मोठंच प्रकरण झालं. बाळाला न्हाऊ घालायला येणारी मावशी चाळीस वर्षं हेच काम करतेय. रोज कोमट तेलानं अंग रगडायचं, टाळू भरायची आणि शेवटी दोन्ही कानांत तेलाचे दोन-दोन थेंब. डॉक्टरांनी कानात तेल कायमचंच बंद करायला सांगितलं होतं. कान आपला आपण स्वच्छ होतो, तेलानं मळ फुगतो, बुरशी धरते, आणि पडद्याला भोक असलं तर ते तेल थेट आत जातं. मावशीला राग आला. “माझ्या हातनं शंभर पोरं न्हाली, एक बहिरं न्हाई,” म्हणाली. मी तिच्याशी वाद घातला नाही, नुसती तेलाची वाटी उचलून आत ठेवली. ती चार दिवस आमच्याशी बोलली नाही. मग तिनंच विचारलं, “कानात न्हाई घालत, पर कानामागं पुसू का?”

बेराच्या दिवशी बाळाला जागं ठेवायचं काम मामांनी अंगावर घेतलं. पहाटे पाचपासून. मांडीवर घेऊन अंगणात फेऱ्या, पायाच्या तळव्याला गुदगुल्या, ओल्या फडक्यानं तोंड पुसणं. रिक्षात बसलो तर ती डुलायला लागली आणि बाळाचे डोळे मिटायला लागले. मामा वाकून बाळाच्या गालाला बोट लावतायत, नणंद रडकुंडीला आलीय, रिक्षावाला मागं वळून विचारतोय, “आजारी हाय का बाळ?” पोचेपर्यंत बाळानं टाहो फोडला होता. तिथं दूध मिळालं आणि पाच मिनिटांत असं झोपलं की हात उचलून सोडला तरी कळेना.

मॅडमनी कपाळावर आणि दोन्ही कानांमागं दाणेदार जेलनं कातडी हळूच घासली आणि मलम लावून बारीक तारा चिकटवल्या. कानात फोमची नळी. दिवे मंद. त्यातून टक-टक-टक आवाज जातो, सेकंदाला कित्येक. कानाची नस तो आवाज मेंदूच्या देठापर्यंत नेते तेव्हा वाटेत विजेच्या अगदी बारीक लाटा उठतात, त्या तारा टिपतात. एका टकीची लाट इतकी क्षीण की दिसतच नाही. म्हणून हजारभर टकींची सरासरी काढतात, मग पडद्यावर डोंगररांग उमटते. तिच्यातला पाचवा डोंगर महत्त्वाचा. आवाज कमी करत जायचं आणि पाचवा डोंगर कुठपर्यंत टिकतो ते बघायचं.

डावा कान : तीस डेसिबलला पाचवा डोंगर स्पष्ट. मॅडमनी त्यावर खूण केली आणि नणंदेकडं बघून मान हलवली. मग उजवा. साठला रेघ सरळ. सत्तरला सरळ. तारा नीट चिकटल्यात का पाहिलं, फोम बदलला. ऐंशी. नव्वद, चांगल्या कानानं ऐकून फसवू नये म्हणून डाव्या कानात सूं असा आवाज सोडून. तीच सरळ रेघ. खोलीत कुणी बोलत नव्हतं. मला मशीनमधलं काही कळत नसताना डोंगर नसणं म्हणजे काय ते त्या वेळी बरोबर कळलं.

मॅडमनी नणंदेला समोर बसवून सांगितलं, आणि त्यांची सांगायची रीत मला फार आवडली. “उजव्या कानानं हिला ऐकू येत नाही. डावा चांगला आहे. एका चांगल्या कानावर मूल बोलायला शिकतं, ही पण शिकेल. पण तीन गोष्टींत तिला त्रास होईल : आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळणं, गलक्यात ऐकणं आणि उजव्या बाजूनं हळू बोललेलं ऐकणं. आणि आता हा डावा कान आपण सगळ्यांनी मिळून सांभाळायचा.” सर्दी झाली की त्याकडं लक्ष, दर काही महिन्यांनी त्याची तपासणी, बोलणं वयाप्रमाणं येतंय का यावर नजर. कानाची नस आणि आतला शंख कसा आहे ते पाहायला एमआरआय डॉक्टर पुढं करणार आहेत. त्यानंतर पुढचे पर्याय.

परत येताना मामा काहीच बोलले नाहीत. दोन दिवस टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

“पोरी, माझ्याकडनं आलं असंल का तिला?”

मी त्यांना कधी असं पडल्या चेहऱ्यानं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. “तुम्हाला तर ऐकू येतंय म्हणता की मामा,” मी म्हणाले. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, “कमीच येतंय. माझी पण करून बघा ती टेस्ट.”

सहा वर्षं आम्ही त्यांना सांगत होतो. “मला काय धाड भरलीय? तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय,” हे ठरलेलं उत्तर. आता नातीसाठी ते आपणहून तयार झाले.

आधी डॉक्टरांनी त्यांच्या कानात बघितलं. उजव्यात मळाचा दगड झालेला. पाच दिवस थेंब घालून तो मऊ केला, मग काढला. मळ असताना तपासणी केली तर तिला अर्थ नसतो. आदल्या दिवशी मोठ्या आवाजात जायचं नाही हेही सांगितलं होतं, कारण आवाजानं थकलेला कान तात्पुरता कमी ऐकतो.

ऑडिओमेट्रीची खोली म्हणजे एक छोटं केबिन, भिंतींना जाड गादीसारखं आवरण, बर्फाच्या कारखान्याला असतो तसा जड दरवाजा. आत बसलं की रस्ता नाहीसा होतो. मामांच्या डोक्यावर हेडफोन, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या. हातात बटण. “अगदी बारीक, शंका येण्याएवढा आवाज आला तरी दाबायचं,” असं मॅडमनी सांगितलं. मी काचेतून बघत होते. मामा पूर्ण खात्री झाल्याशिवाय दाबतच नव्हते. फौंड्रीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, चुकीचं बटण दाबायचं नाही हे अंगात भिनलेलं. मॅडम आत गेल्या, त्यांच्यापुढं बसून पुन्हा सांगितलं, “आजोबा, इथं चुकलं तरी चालतं.” मग हात सैल झाला.

एक हजार हर्ट्झपासून सुरुवात. ऐकू आलं की आवाज दहा डेसिबल खाली, नाही आलं की पाच वर, असं करत करत ज्या पातळीला निम्म्या वेळा तरी कळतं ती त्या सुराची पातळी. मग दोन हजार, चार हजार, आठ हजार, परत खाली पाचशे, अडीचशे. नंतर कानामागच्या हाडावर एक छोटी डबी बसवून तेच सगळं पुन्हा. या डबीचा आवाज बाहेरच्या कानाला, पडद्याला वगळून हाडातून थेट आतल्या कानाला जातो. हेडफोननं कमी आणि हाडानं चांगलं ऐकू आलं तर दोष पडद्याकडं, मधल्या कानात, आणि तो बऱ्याचदा औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं सुधारतो. दोन्हींनी सारखंच कमी आलं तर दोष आत, नसेकडं. मामांचं दोन्हींनी सारखं.

शेवटी शब्दांची तपासणी. मॅडमनी माइकवर तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि एकेक शब्द बोलत गेल्या. मामांनी नुसता पुन्हा म्हणायचा.

“सात.”

“हात.”

“खाट.”

“पाट.”

“माळ.”

“माळ.”

पंचवीसमधले सतरा बरोबर आले. प्रत्येक चुकीच्या शब्दाला मामा तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर देत होते. आपण चुकतोय हे त्यांना कळतच नव्हतं. तिथं काचेमागं उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर एकच संध्याकाळ आली. दोन वर्षांपूर्वीची. मला पतसंस्थेत उशीर होणार होता, सकाळी निघताना मी मामांना म्हणाले होते, “आज साडेपाचला बसवर तुम्ही जा, त्याला घेऊन या.” त्यांनी मान डोलावली. माझं पोरगं पावसात पाऊण तास बसथांब्यावर उभं. मी त्या रात्री मामांना नाही नाही ते बोलले. लेकानं सांगितलेलं बरोबर ऐकू येतं, सुनेचं तेवढं ऐकू येत नाही, असं आत्यांसमोर बोलले. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्याचाही मी राग धरला.

मॅडमनी आलेख पुढ्यात ठेवला. आडवं सुरांचं माप, डावीकडं ढोबळ, उजवीकडं बारीक. उभं आवाजाचं माप, पण वरून खाली : खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजव्या कानाची लाल गोळी, डाव्या कानाची निळी फुली. मामांच्या लाल गोळ्या २०, २५, ३५ अशा उतरत चालल्या होत्या, दोन हजारला ५०, आणि चार हजारला एकदम ७५ च्या खड्ड्यात. आठ हजारला पुन्हा थोड्या वर, ६५. निळ्या फुल्या जवळपास त्यांच्याच मागून. तो चार हजारचा खड्डा म्हणजे आवाजाच्या कामाची सही, मॅडम म्हणाल्या. वयानं येणारा उतार सरळ खाली जातो, गोंगाटानं मात्र आधी इथं खड्डा पडतो. मामांचे दोन्ही एकात एक मिसळलेत.

“काय काम करत होता आजोबा?”

“फेटलिंग.” हे त्यांना बरोबर ऐकू आलं, कारण मॅडम समोर बसून, सावकाश विचारत होत्या. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याला चिकटलेली वाळू, धातूची जादा कड छिन्नीनं, ग्राइंडरनं काढायची. आधी उद्यमनगरात, मग शिरोली एमआयडीसीत. कानाला काय लावायचा असं विचारलं तर म्हणाले, “कापूस.” कापसाच्या बोळ्यानं आवाज जेमतेम अडतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि गोंगाटात काम करणाऱ्यांची ऑडिओमेट्री करायची तरतूदही. मामा निवृत्त होईपर्यंत त्यांचा कान एकदाही कुणी तपासला नव्हता.

अहवालात तीन मुख्य सुरांची सरासरी ३७ आली आणि त्यापुढं ‘सौम्य’ असा शब्द होता. हा शब्द वाचून बरेच जण कागद घडी करून ठेवत असतील. ती सरासरी पाचशे, एक हजार आणि दोन हजारची, खड्डा तिच्यात धरलेलाच नाही. स्वर ढोबळ सुरांत असतात, ते मामांना येतात, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं. स, श, फ, ख, थ ही व्यंजनं बारीक सुरांत, तीच गळतात. शब्दाचं अंग येतं, कडा येत नाहीत. बायकांचा आणि मुलांचा आवाज मुळात बारीक, म्हणून आमचं जास्त गळतं. माझ्या नवऱ्याचा आवाज भरदार, तो पोचतो. सहा वर्षं मला जो अपमान वाटत होता तो त्या कागदावर दोन हजार आणि चार हजारच्या रकान्यांत होता.

मामांनी एकच प्रश्न विचारला. “हे नातीला जातं का?” मॅडमनी तो आलेख त्यांच्या हातात दिला. “आजोबा, हा तुमच्या कामानं आणि वयानं झालेला खड्डा आहे. असा खड्डा रक्तातनं जात नाही. बाळाच्या कानाचं कारण वेगळं.” त्यांनी तो कागद चौघडी करून खिशात ठेवला. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, “त्या पावसाच्या दिवशी मला ‘बस’ ऐकू आलं न्हवतं.” मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते!

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. माझा मुलगा सहा वर्षांचा. वर्गात लक्ष नसतं अशी तक्रार होतीच, मग शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं आणि कान तपासून घ्या म्हणून चिठ्ठी मिळाली. एवढ्या मुलाला बटण कंटाळवाणं होतं, म्हणून त्याच्यापुढं मण्यांची टोपली ठेवली. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा. त्यानं आनंदानं केलं. डाव्या कानाला हेडफोननं ३० डेसिबल, हाडानं मात्र अगदी चांगलं. मग कानात हवेचा दाब कमी-जास्त करून पडदा किती हलतो ते बघणारी तपासणी, इम्पिडन्स. चांगल्या पडद्याचा आलेख डोंगरासारखा येतो, याचा सपाट. म्हणजे पडद्यामागं पाणी साठलेलं, सर्दीनंतर राहिलेलं. डॉक्टरांनी घाई केली नाही, तीन महिने वाट बघू म्हणाले. तीन महिन्यांनी डोंगर परत आला होता. लक्ष नसणारं मूल पहिल्या बाकावर बसवण्याआधी त्याचा कान बघायला हवा, हे मी आता शाळेतल्या प्रत्येक आईला सांगते.

माझी स्वतःची तपासणी केली ती कुतूहलानं. केबिनमध्ये बसल्यावर स्वतःचं गिळणं, छातीचे ठोके ऐकू येतात. शेवटीशेवटी आवाज खरंच आला की मनानं आणला ते कळत नाही, आणि मामांना बटण दाबायची भीती का वाटली ते कळतं. सगळे सूर १५ च्या आत. नवरा शिरोलीत मशीन शॉपला आहे, त्याचा चार हजारला २५ चा बारीक खळगा आलाय. वडिलांचा आलेख बघितल्यापासून तो इअरमफ लावतो. गणपतीच्या मिरवणुकीत साउंडच्या भिंतीसमोर मुलाला खांद्यावर घेऊन उभं राहायचं नाही, हे यंदा त्यानंच ठरवलं.

खर्चाचं विचारणारे भेटतात. आम्ही खासगीत गेलो. ज्यांना झेपत नाही त्यांनी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घसा विभागात जावं, बाळांनी तर जावंच. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून कानाचं मशीन मिळतं. अपंगत्वाच्या दाखल्याचा प्रश्न मात्र वेगळा. २०१६ च्या कायद्यानं ‘ऐकू कमी येणारा’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल. मामा त्यात बसत नाहीत आणि बाळाचा एक कान चांगला, म्हणून तीही नाही.

मामांनी मशीन घेतलं, कानामागचं. त्या आलेखावरून कॉम्प्युटरनं कुठल्या सुराला किती जोर ते बसवतात, सगळंच सरसकट मोठं करत नाहीत. पहिला आठवडा अवघड गेला. भांड्यांचा आवाज सुरीसारखा लागतो म्हणून ते जेवायला सोप्यात बसायचे. मॅडमनी रोज थोडा थोडा वेळ वाढवायला सांगितलं होतं, दोनदा जोर कमी-जास्त करून दिला. आता सकाळी चहाआधी चढवतात. मी ओट्याकडं तोंड करून, पाठमोरी बोलले तरी ओ देतात. ही सवय मला अजून व्हायचीय.

बाळाचा एमआरआय अजून व्हायचाय. मामांनी घरात सगळ्यांना एक शिकवलंय : बाळाला डाव्या हातावर घ्यायचं. म्हणजे तिचा उजवा कान आपल्या छातीला लागतो आणि डावा मोकळा राहतो. पाळण्याची दिशाही त्यांनी बदलून घेतली, डावी बाजू भिंतीकडं होती ती खोलीकडं केली.

ती साडेसहा महिन्यांची झाली की पुढची तपासणी. आवाज आला की बाळ त्या बाजूला वळून बघतं का ते पाहतात, आणि वळलं की तिथल्या डब्यातलं खेळणं उजळतं. तारीख मिळाली तेव्हा फोनवर मी होते, मामा शेजारी.

“या टेस्टला झोपवून न्यायचं का जागं ठेवून?” त्यांनी विचारलं.

“जागं. पण झोप झालेलं.”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात तसंच लिहून ठेवलंय.